मावंद्याची तारीख

माझ्या खानावळीत रोज सकाळी पोह्यांची पहिली प्लेट मालकांची असे आणि ती रोज गार होऊन जाई. कारण प्लेट समोर आली, की त्यांना फोन करायची लहर यायची. एक घास, एक फोन. "हां भैया, जालनासे बोलरा मैं. आभाळ कैसा है उधर?" हिंदीत आभाळाला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण देशभरातल्या पंक्चरवाल्यांना आणि चहावाल्यांना आपण 'आभाळ' हा शब्द शिकवला, याचा त्यांना मोठा अभिमान होता.

आधी मला वाटायचं, या माणसाचं गणगोत भलतंच पसरलेलं दिसतंय. उज्जैनला कुणी, रामेश्वरला कुणी, थेट बद्रीनाथच्या रस्त्यावर कुणी. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "गनगोत कशाचं ताई? एकाचं बी तोंड पाह्यलं न्हाई मी. डायवर लोक जातेत, चहा पितेत, त्यायच्याकून नंबर आनला. आपन रोज इचारायचं. मानूस सांगतो. कुनी इचारतच न्हाई ना त्यायला, खूश व्हतेत."

मालकांची यात्रा कंपनी होती. कंपनी म्हणजे स्टेशनरोडला एका शटरचं ऑफिस, एक बस आणि ते स्वतः. मूळचे भोकरदनकडचे, शेती भावाच्या हवाली करून जालन्यात आलेले. अंगात कायम पांढरा शर्ट, खिशाला चष्मा, आणि चष्मा खिशाला असताना डोळे बारीक करून वर बघायची सवय. बोलता बोलता मध्येच रस्त्यावर जाऊन आभाळ बघून यायचे आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू करायचे.

त्यांचा आचारी काम सोडून गेला, तेव्हा ते माझ्याकडे आले. आमच्याकडच्या यात्रेच्या गाडीबरोबर शेगड्या, पिठाचे डबे, पातेली असं सगळं बिऱ्हाड निघतं. इकडच्या माणसाला देव कुठलाही चालतो, पण भाकरी घरच्यासारखी लागते. मी खानावळ बहिणीवर सोपवून एका फेरीपुरती म्हणून गेले आणि पुढं कित्येक वर्षं जात राहिले. मालकांचा पगार काही फार नव्हता. मला खरं तर हा माणूस असा का आहे, ते बघायचं होतं.

पहिल्याच फेरीत 'सावली बदला' ऐकलं. गाडी उत्तरेकडे चाललेली. सकाळी ऊन उजवीकडून, म्हणून मालकांनी सगळे म्हातारे डावीकडे बसवलेले. दुपार कलायला लागली तसे ते उठले आणि बसच्या मधोमध उभं राहून ओरडले, "सावली बदला!" आता डावीकडून ऊन येणार, तेव्हा म्हाताऱ्यांनी उजवीकडे जायचं आणि तरण्यांनी डावीकडे. खिडकीची जागा म्हणजे आपल्या लोकांना सातबाऱ्यासारखी वाटते. काय भांडणं व्हायची! कुणाचं बूड हलायचं नाही, कुणाची पिशवी सापडायची नाही, जावा-जावांच्यात रुसवे व्हायचे. मालक शांतपणे एकेकाच्या सीटच्या पत्र्याला हात लावून बघत पुढं सरकत. "हात लावून पाहा की मामा, भाकर भाजंल ह्याच्यावर," म्हणत. मामा हात लावत आणि गुपचूप उठत.

उन्हाळ्यात भर दुपारी गाडी चालवायची नाही, हा दुसरा नेम. पूर्वी म्हणे चालवत असत. मग एका वैशाखात देवळाच्या फरशीवर, रांगेत अनवाणी उभे राहून बदनापूरच्या एका गुरुजींच्या तळपायांना फोड आले आणि त्यांना उचलून गाडीत आणावं लागलं. गुरुजी पुढं बरे झाले, पण मालकांनी त्या दिवसापासून उन्हाळ्यातलं वेळापत्रकच उलटं केलं. पहाटे निघायचं, ऊन चढलं की एखादी धर्मशाळा नाहीतर मंगल कार्यालय गाठायचं, सतरंज्या अंथरायच्या आणि ऊन उतरेपर्यंत लोळायचं. दर्शन सकाळी नाहीतर दिवेलागणीला. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "देव कुठं जाऊन राह्यला का? तिथंच हाय त्यो. तुमीच जाताल उन्हात."

लोक आमच्या यात्रेला 'झोपायची यात्रा' म्हणायला लागले. माझी तर फारच पंचाईत झाली. दुपारच्या जेवणाला वरण-भात-पोळी सोडून ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, काकडीची कोशिंबीर असलं काहीतरी हलकं. विरजण मात्र त्या उन्हात असं आंबायचं, की मला पहाटे उठून दही कुठं मिळतं ते शोधत हिंडावं लागे. मी चिडून म्हणायची, "मालक, तुम्ही आभाळाची काळजी करा, दह्याची कोण करणार?" त्यावर त्यांनी काय करावं? प्रत्येक मुक्कामाच्या गावी एकेक गवळी शोधून त्यांचेही नंबर घेतले. मग सकाळच्या फोनांत आभाळाबरोबर दह्याचीही चौकशी सुरू झाली.

तिसरा नेम रिकाम्या दिवसाचा. डोंगरातल्या प्रत्येक यात्रेत मालक एक दिवस कोरा ठेवत. त्या दिवशी काही बघायचं नाही, कुठं जायचं नाही. रस्ता बंद झाला, पाऊस लागला, कुणाला बरं नसलं, तर तो दिवस खर्चायचा. काहीच झालं नाही, तर सगळ्यांनी बसून राहायचं. झालं! पैसे भरून आलेल्या माणसाला बसवून ठेवलं तर तो काय म्हणेल, ते मी लिहीत नाही.

मला कायम वाटायचं, यामागं काहीतरी आहे. कुणीतरी पुरात गेलं असेल, दरडीत गाडी सापडली असेल, याच्या हातून एखादा माणूस सुटला असेल. असल्या माणसांच्या पोटात असलंच काही असतं, अशी आपली समजूत. एकदा नर्मदेच्या काठावर भांडी घासता घासता विचारून टाकलं. मालक हसले. "कुनी न्हाई गेलं ताई माझं. म्हनून तर इचारत असतो. गेल्यावर तं समदेच इचारतेत."

मी पुढचं पातेलं घासायला घेतलं. पण पूर्ण समाधान झालं नाही, आणि ते अजूनही झालेलं नाही.

आता वडीगोद्रीच्या आत्याबाईंबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे यात्रेहून माणूस परत आला, की गंगेच्या पाण्याची पूजा करून गावाला जेवण घालतो, ते मावंदं. आत्याबाईंच्या सासूनं बद्रीनाथ करून घातलेलं मावंदं गावात अजून लोकांच्या तोंडी होतं. सासूच्या बुंदीची आणि सासूच्या गंगेची तारीफ ऐकत आत्याबाईंचं सगळं आयुष्य गेलं. नवरा गुडघेदुखीनं घरात बसलेला, गुडघे स्वतःचेही कुरकुरायला लागलेले. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून त्या वैशाखात त्या आमच्या गाडीत चढल्या. चढतानाच मला म्हणाल्या, "मावंद्याची तारीख धरून आल्ये बाई. पेरन्याच्या आधी उरकायचं. पोरी निघाल्यात सासरहून, मांडववाल्याला इसार देऊन झाला." तारीख होती आम्ही परतायच्या दिवसाचीच. गाडीतल्या निम्म्या लोकांनी तशाच आपापल्या तारखा धरून ठेवल्या होत्या. आमच्याकडे तीच रीत होती. आधी मावंदं ठरायचं आणि मग यात्रा.

हरिद्वारपर्यंत सगळं ठीक झालं. तिथं आमची मोठी गाडी ठेवून डोंगरात जाणाऱ्या लहान गाड्या केल्या. वाटेत एका ठिकाणी माती खाली आलेली, ती काढेपर्यंत रस्ता बंद. रिकामा दिवस तिथंच खर्ची पडला. पीपलकोटीला मुक्काम झाला आणि रात्रभर अवेळी पाऊस कोसळला. सकाळी मात्र आकाश असं धुतलेलं, की बर्फाची शिखरं खिडकीत आल्यासारखी दिसत होती. लोक आंघोळी करून, नवी लुगडी-धोतरं नेसून तयार. वर जायचं, दर्शन घ्यायचं, संध्याकाळी खाली यायचं. मालक फोन कानाला लावून उभे.

वरच्या वळणावर त्यांचा एक चहावाला होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. गाड्या जाताहेत, म्हणत होता, रस्ता चालू आहे. मालकांनी विचारलं, "पत्थर?"

"छोटे-छोटे आ रहे हैं साहब।"

"कल आते थे?"

"नहीं, कल तो नहीं।"

मालकांनी फोन खिशात टाकला. "आज न्हाई जायचं. उद्या पाहू."

मग जे झालं, त्याला भांडण म्हणणंही कमीच. रस्ता चालू, सरकारनं अडवलेलं नाही, समोरून दुसऱ्या गावच्या कंपनीच्या गाड्या झेंडे लावून चाललेल्या. मलाही वाटत होतं, जावं. सगळ्यांत पुढं आत्याबाई. "मालक, उद्या म्हन्ता, तं माझ्या मावंद्याचं काय? मांडव पडंल, पाव्हने येतील, अन् मी इकडं? आज चला न्हाईतर सरळ घरी चला."

"आत्याबाई, एक दिस. एकच दिस थांबा. तारीख फिरवा."

"गावजेवनाची तारीख फिरवू? कुनी फिरवली का कधी?"

ज्यांच्या तारखा होत्या ते सगळे आत्याबाईंच्या बाजूला. मालक म्हणाले, "आज मी नेनार न्हाई. बिलकुल न्हाई. उद्या थांबनार असाल तं नेतो." थांबायला कुणी तयार होईना. शेवटी देवाच्या दारातून गाड्या खाली वळल्या. आत्याबाई खिडकीतून मागं वळून बघत होत्या. त्या उतारावर 'सावली बदला' असं कुणी ओरडलं नाही.

आणि वर काय झालं? काहीच झालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी हरिद्वारच्या घाटावर ती झेंडेवाली मंडळी आम्हाला भेटली. दर्शन झकास झालं होतं, गर्दीही कमी होती म्हणे. आमच्या लोकांनी मालकांकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर त्यानं गंगेत उतरून तोंड लपवलं असतं. मालक काय करतात? त्या मंडळींत जाऊन उभे. "पत्थर पडत व्हते का? कुठल्या वळनाला? मुठीयेवढे का डोस्क्यायेवढे?" अगदी मनापासून विचारत होते. लाज म्हणून नाही, राग म्हणून नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मला तेव्हा त्यांची इतकी चीड आली, की मी तिथून उठून गेले.

त्याच मंडळींतल्या एका बाईनं आत्याबाईंच्या हातावर प्रसादाची पुडी ठेवली. "घ्या मावशी. वाटा गावात. दर्शन झालं म्हनून सांगा. कुनाला कळून राह्यलं?" आत्याबाईंनी ती पुडी कपाळाला लावली आणि परत तिच्या हातात दिली. नुसता गंगेचा गडू भरून घेतला.

परत येताना मी मालकांना हात जोडून सांगितलं, "गावात एवढंच म्हणा, की रस्ता बंद होता. म्हातारीची अब्रू राहील आणि तुमचीही." ते म्हणाले, "रस्ता चालू व्हता ताई."

वडीगोद्रीला मांडव पडलेला. आत्याबाईंच्या लेकी ओवाळायला पुढं आलेल्या. मालक गाडीतून त्यांच्या आधी उतरले आणि मांडवात जाऊन मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाईंचं दर्शन झालं न्हाई. त्यायचा दोष न्हाई. मी माघारी आनलं."

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "का? दरड पडली का काय?"

"न्हाई. काहीच पडलं न्हाई."

लोक हसले. हसू आवरता येत नाही, तसे हसले. आत्याबाईंनी पदर खोचला, भटजींना दक्षिणा देऊन घरी पाठवलं आणि म्हणाल्या, "मावंदं न्हाई हे. पन अन्न शिजलंय तं जेवून जा." स्वतः मात्र आत गेल्या आणि शेवटची पंगत उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मालक पंगतीत वाढत होते. त्यांच्या हातून घ्यायचं की नाही, असा प्रश्न काहीजणांना पडलेला मी पाहिला.

त्यानंतर आमच्या कंपनीला 'माघारी कंपनी' असं नाव पडलं. माणसं चेष्टेनं ऑफिसात डोकावून विचारत, "काय मालक, अर्ध्यातून आनायचे अर्धेच पैसे का?" बुकिंग आटलं. गाडी जवळच्या देवस्थानांना अर्धी रिकामी जायला लागली, आणि मालक गाडीला गिऱ्हाईक बघताहेत असं कानावर आलं. तरी त्यांनी काय करावं? नव्या जाहिरातीवर ठळक अक्षरांत एक अट छापली: मावंद्याची तारीख परत आल्याशिवाय धरू नये. आधी तारीख धरलेल्यांना नेलं जाणार नाही.

मी म्हटलं, "गिऱ्हाईक नाही आणि तुम्ही अटी घालता?"

ते पोहे चिवडत म्हणाले, "मी लई इचार केला ताई. डोंगर तं डोंगरच हाय, पडंल न्हाईतर न पडंल, आपल्याला बराबर कळतच न्हाई. मंग आपल्याला थांबता आलं पाह्यजे. अन् थांबू कोन देईना? डायवर थांबतो, मी थांबतो. मांडव थांबत न्हाई. मांडव इथं पडतो अन् मानसं तिकडं घाई करतेत." आणि मध्येच उठून आभाळ बघायला गेले.

ते ऐकून मी प्रथमच त्यांच्या अटीचा नीट विचार केला. मावंद्याची तारीख यात्रेच्या आधी धरायची, यात काही वावगं आहे असं मला, माझ्या आईला, आजीला कधी वाटलंच नव्हतं.

पावसाळा सरत आला तेव्हा एके सकाळी ऑफिसच्या पायरीवर आत्याबाई. एसटीनं एकट्याच आलेल्या, हातात पिशवी. मी पोह्यांचा डबा घेऊन तिथंच होते. मालक उठून उभे राहिले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, "दसऱ्यानंतर नेतेत का हे?"

मालक म्हणाले, "नेतो की. मावंद्याची तारीख?"

"धरली न्हाई," आत्याबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या. "लई जनांच्या गाड्यायची चौकशी केली मी. समदे म्हन्तेत, नक्की दर्शन घडवू. म्हनलं, नक्की म्हननारा नको. त्या दिशी यायला खरंच भ्या वाटत व्हतं का, ते तरी इचारू." मग पहिल्यांदा मालकांकडे बघितलं. "भ्या वाटत व्हतं का?"

"लई," मालक म्हणाले.

त्या फेरीला गाडी भरली नाही, पण निघाली. दसऱ्यानंतरच्या स्वच्छ दिवसांत आम्ही वर पोचलो. त्या वळणावर मालकांनी गाडी थांबवली आणि चहावाल्याची गळाभेट घेतली. तो त्यांच्यापेक्षा वयानं बराच लहान निघाला. फोनवरून दोघांनाही उलटंच वाटलं होतं. त्यानं हसून वर बोट केलं, "आभाळ साफ है!" खाली येताना तो परत भेटला, तेव्हा आत्याबाईंनी देवळातला प्रसाद पहिल्यांदा त्याच्या हातावर ठेवला.

मावंद्याची तारीख निघाली माघात, सोयाबीन आणि कापूस घरात आल्यावर. स्वयंपाक माझ्याकडे. आदल्या दिवसापासून आम्ही बायका कांदे चिरत, बुंदी पाडत बसलेल्या. मावंद्याच्या दिवशी सकाळी उठले, तर उत्तरेकडून आभाळ काळंकुट्ट आलेलं. आमच्याकडे त्या दिवसांत गारा पडतात, आणि पडल्या की पोराटोरांची डोकी फुटतात. आत्याबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. डोळे बारीक करून वर बघितलं. मग पोराकडून फोन घेतला आणि भोकरदनला दिलेल्या लेकीला लावला. "आभाळ कसंय तिकडं?"

लेक काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आत्याबाईंनी फोन ठेवला. "मांडव उतरवा. मावंदं उद्या."

मी कांद्यांच्या ढिगाशी बसून कपाळाला हात लावला. घरातले ओरडले, भटजी आले आणि ओरडून गेले, भाऊकीतला एकजण तर म्हणाला, माघारी कंपनीचं वारं लागलं म्हातारीला. आत्याबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. दुपारपर्यंत वारा सुटला, ढग सरकले आणि लख्ख ऊन पडलं. दिवसभरात एक थेंब आला नाही. अख्खं गाव त्या उन्हात उभं राहून हसलं.

दुसऱ्या दिवशी मावंदं झालं. सगळे आले, हसायला म्हणून आले असतील, पण आले. गंगेची पूजा झाली, पंगत बसली. आत्याबाईंनी मालकांना हाताला धरून पहिल्या पाटावर बसवलं. मी बुंदीचं ताट घेऊन पुढं झाले, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आत्याबाई, काल काय पडलं वो?"

आत्याबाई मालकांशेजारी ताठ उभ्या राहिल्या.

"काहीच न्हाई पडलं," त्या म्हणाल्या. "जेवा आता."

मालकांनी ताटावरची मान वर केली नाही. पण मी वाढत होते, मला दिसलं. ते रडत होते, आणि रडता रडता त्यांनी मला विचारलं, "ताई, ढग कुठल्या बाजूनं गेले काल?"